तारेवाचून वीज

मोबाइल एका सपाट तबकडीवर नुसता ठेवला, तरी त्याची बॅटरी भरू लागते, हे तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. परंतु तोच मोबाइल तबकडीवरून उचलून खोलीच्या कोपऱ्यात नेला, की ते काम तत्काळ थांबते. असे का व्हावे? आकाशवाणीचे कार्यक्रम शेकडो कोसांवरून तारेवाचून येतात; मग वीजच का येऊ नये?

तबकडीच्या पोटात तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यातून सतत दिशा बदलणारा विद्युत्प्रवाह खेळविला, की सभोवती बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, आणि मोबाइलमधील दुसऱ्या वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. हे तत्त्व मायकेल फॅरेडे याने 1831 मध्येच दाखवून दिले होते. पण हे क्षेत्र फार लवकर क्षीण होते. वेटोळ्यापासून जरा दूर गेल्यावर अंतर दुप्पट केले, तर त्याचा जोर जेमतेम आठवा हिस्सा उरतो.

मग लहरींच्या रूपाने वीज पाठविली तर? कंदिलाचा उजेड जसा चोहोकडे पसरतो, तशाच या लहरीही पसरतात. दहापट दूर गेले, की वाट्याला शंभरावा हिस्सा येतो. आकाशवाणीचे यात काही अडत नाही. कारण तिला केवळ निरोप पोहोचवायचा असतो. निरोप्या थकूनभागून आला, तरी निरोप पुरा असतो. कावडीने पाणी आणणाऱ्याचे तसे नाही. वाटेत सांडले ते सांडलेच!

निकोला टेस्ला या थोर संशोधकाने मात्र दूरवर वीज पाठविण्याचा ध्यास घेतला. अमेरिकेत न्यूयॉर्कनजीक लाँग आयलंडवर 1901 मध्ये त्याने एक प्रचंड मनोरा उभारण्यास आरंभ केला. मॉर्गन या धनिकाने दीड लक्ष डॉलर दिले. पुढे अधिक पैसा देण्याचे नाकारले. काम अर्धवट राहिले, आणि 1917 मध्ये तो मनोरा पाडण्यात आला. टेस्लाला कोणी स्वप्नाळू म्हणतात. मला ते पुरते मान्य नाही. त्याचा हिशेब चुकला, पण प्रश्न खोटा नव्हता.

लहरींचा झोत एकवटला, तर सांडणे कमी होते. कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोन येथे 1975 मध्ये शास्त्रज्ञांनी दीड किलोमीटरहून अधिक अंतरावर 30 किलोवॉटपेक्षा जास्त वीज पोहोचविली. मात्र त्यासाठी 26 मीटर व्यासाची थाळी लागली. घरात ती कोठे ठेवावयाची? शिवाय तीव्र झोताच्या वाटेत माणूस आला, तर त्याला इजा होण्याचे भय असते.

झोका त्याच्या लयीत ढकलला, तर थोड्या जोराने उंच जातो. त्याचप्रमाणे दोन वेटोळ्यांची लय जुळवून अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील संशोधकांनी 2007 मध्ये 2 मीटरांवरील 60 वॉटचा दिवा पेटविला. शंभर भागांपैकी सुमारे 40 भाग वीज पोहोचली. उरलेली त्या दोन मीटरांच्या खटाटोपातच खर्ची पडली.