खुब्याची फेरशस्त्रक्रिया व सिमेंटविरहित सांधा : वैद्यांचे कर्तव्य

खुब्याचा कृत्रिम सांधा बसविलेला रुग्ण काही वर्षांनी जांघेत वा मांडीत वेदना घेऊन आपल्याकडे येतो. शस्त्रक्रिया जुनी झाल्याने तिचा उल्लेख तो पुष्कळदा करीतही नाही. ही वेदना गृध्रसी किंवा संधिगतवात समजून स्नेहन-स्वेदन केल्यास तात्पुरता उपशम मिळेलही. परंतु सैल झालेला सांधा आत हाड झिजवीतच राहील. फेरशस्त्रक्रियेचे यश बव्हंशी उरलेल्या हाडावर अवलंबून असते, म्हणून हा विलंब रुग्णास महागात पडतो.

इंग्लंडमधील रायटिंग्टन येथे जॉन चार्नली यांनी १९६२ साली धातूची दांडी व पॉलिथिलीनची वाटी अस्थिसिमेंटने बसविण्यास प्रारंभ केला. पुढे काही सांध्यांभोवतीचे हाड नष्ट होऊ लागले. त्याचा दोष प्रथम सिमेंटला दिला गेला. नंतर लक्षात आले की, वाटीच्या झिजेतून सुटलेले सूक्ष्म कण भक्षक पेशी गिळतात आणि त्या प्रतिक्रियेतून हाड शोषले जाते.

जुना सांधा काढल्यावर अस्थिनलिका गुळगुळीत व टणक उरते. सिमेंटला धरून ठेवणारे जाळीदार हाड शिल्लक नसते. यास्तव सच्छिद्र पृष्ठभागाचा सिमेंटविरहित सांधा वापरतात. त्याच्या छिद्रांत हाड वाढते व पकड जिवंत होते. मात्र आरंभीची पकड घट्ट हवी. सांध्याची सूक्ष्म हालचाल सुमारे १५० मायक्रॉनहून अधिक झाल्यास हाडाऐवजी तंतुमय ऊती तयार होते. म्हणूनच लांब दांडी झिजलेल्या भागाच्या खाली, सुदृढ हाडात रोवली जाते.

योग्य निवड झाल्यास १० वर्षांनंतरही बहुसंख्य दांड्या घट्ट राहतात. तथापि सांधा निखळणे, जंतुसंसर्ग, दांडी खाली सरकणे, हाड तडकणे व मांडीदुखी हे उपद्रव संभवतात. पहिल्या शस्त्रक्रियेपेक्षा त्यांचे प्रमाण अधिक असते.

आपल्या व्यवसायात पुढील बाबी पाळाव्यात :

१. खुबा, कंबर वा गुडघा दुखत असल्यास पूर्वीच्या शस्त्रक्रियेविषयी आवर्जून विचारावे.

२. उठल्यावर पहिल्या काही पावलांना होणारी वेदना सैलपणा सुचविते. विश्रांतीतही होणारी वेदना, ज्वर वा व्रणस्राव असल्यास जंतुसंसर्गाची शंका घ्यावी. नवे क्ष-किरण चित्र जुन्याशी ताडून पाहावे.

३. निदान होईपर्यंत त्या खुब्यावर खोल मर्दन, विद्धकर्म, अग्निकर्म वा रक्तमोक्षण करू नये. संसर्गाची शंका असता तपासणीपूर्वी प्रतिजैविके दिल्यास जंतू ओळखणे कठीण होते.

४. उकिडवे बसणे व मांडी घालणे यांविषयी शल्यतज्ज्ञाचा सल्ला प्रमाण मानावा.

५. वारंवार वेदनाशामक मागणाऱ्या ग्राहकास औषधविक्रेत्यांनी कारण विचारावे. रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास गुग्गुळाचे कल्प वैद्यकीय सल्ल्याविना देऊ नयेत.

अस्थी हे वाताचे स्थान होय, हे आपण जाणतोच. त्या स्थानी धातूचा सांधा असेल, तर वातशमनापूर्वी सांध्याची परीक्षा करावी आणि रुग्णास वेळीच शल्यतज्ज्ञाकडे पाठवावे. वाचविलेले हाड हेच पुढील शस्त्रक्रियेचे खरे भांडवल होय.