भंगारवाला नाकारतो त्या कचऱ्याचं इंधन

शंका : वेफर्सची पाकिटं, चिंध्या, तुटक्या चपला भंगारवाला घेत नाही. हे सगळं सिमेंटच्या भट्टीत जाळतात म्हणे. मग आम्ही घरच्या बंबात जाळलं तर काय बिघडलं? (एक वाचक, नाशिक)

समाधान : पुष्कळ बिघडतं. बंबातली आग धुमसती असते आणि तिला हवा कमी पडते, म्हणून प्लास्टिक अर्धवट जळतं. त्यात पीव्हीसीचा तुकडा असला, तर डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं तुमच्याच अंगणात उतरतात. सिमेंटच्या भट्टीत ज्वाला २००० अंश सेल्सियसच्या आसपास असते, माल १४५० अंशांपर्यंत तापतो आणि वायू काही सेकंद त्या धगीत राहतात. आम्लवायू चुन्यात शोषले जातात, राख क्लिंकरमध्ये, म्हणजे ज्याचं दळून सिमेंट करतात त्या भाजलेल्या खड्यांत, मुरते. कचऱ्यापासून वीज करणाऱ्या प्रकल्पांत राखेचे ढीग उरतात. म्हणून मला सिमेंटचा मार्ग अधिक पटतो.

मात्र चपला वेगळ्या ठेवा. चपला आणि रेक्झिन यांत बहुधा पीव्हीसी असतं. त्यातल्या क्लोरीनचे क्षार भट्टीच्या वरच्या भागात चिकटून वाट तुंबवतात, त्यामुळे कारखानदार असा माल परत पाठवतात.

दुसरी अडचण अंतराची. आपल्याकडे सिमेंटचे मोठे कारखाने चंद्रपूरकडे, कारण चुनखडी आणि कोळसा दोन्ही तिथे. नाशिकहून ट्रक भरून पाकिटं पाठवायची, तर भाडं हवेचंच जास्त! म्हणून आधी कचरा वाळवून, चाळून, तुकडे करून त्याचे गठ्ठे दाबतात. यालाच आरडीएफ म्हणतात.

शंका : माझं छोटं हॉटेल आहे. कागदी प्लेटा, पार्सलचे डबे, टिश्यू सगळं एकाच पिंपात जातं. इंधनच करायचं, तर वेगळं कशाला काढायचं? (एक हॉटेलचालक, कोल्हापूर)

समाधान : त्या पिंपातली आमटी कोण जाळणार? एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे ६२० किलोकॅलरी लागतात आणि आपल्या मिसळलेल्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास पाणीच असतं. २०१६ च्या घनकचरा नियमांनी सांगितलं होतं, की किलोमागे १५०० किलोकॅलरी वा जास्त उष्णता देणारा, पुनर्वापर न होणारा कचरा डेपोत टाकायचा नाही. चांगल्या आरडीएफकडून याच्या दुपटीहून अधिक अपेक्षा असते. ओला गाळ मिसळला की तोच माल इतका खाली घसरतो, की भट्टीवाला तो फुकटही घेत नाही. खरकटं वेगळ्या पिंपात टाका, डबे निथळून सुक्यात. धुवायची गरज नाही.

शंका : प्लास्टिकपासून डिझेल काढणारं यंत्र सोसायटीत बसवावं का? (एक वाचक, ठाणे)

समाधान : नको. हवा न देता प्लास्टिक तापवलं की तेल निघतं, हे खरं. पण त्याला पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीनसारखा निवडलेला, स्वच्छ माल लागतो. निघालेलं तेल शुद्ध केल्याशिवाय गाडीत घालण्याजोगं नसतं, आणि ज्वलनशील वायूंची जोखीम वॉचमनवर सोपवण्याची गोष्ट नव्हे.