50 मिमीचा मोह

6 मिमीच्या बिटने आमच्या चार बाय चारच्या राउटरचा एमडीएफ बेड सपाट करायचा म्हटलं, तर अडीच तासांहून जास्त वेळ जातो. 50 मिमीचा कटर लावला की वीस मिनिटांत काम उरकतं. एका शनिवारी संध्याकाळी हा हिशोब मी प्लायच्या तुकड्यावर पेन्सिलीने मांडला होता. त्यात एक आकडा धरायचा राहिला, आरपीएमचा.

आमचं काम पॅटर्नचं, कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात. फौंड्रीला लागणारे लाकडी पॅटर्न वडील रंधा-पटाशीने करायचे. मी 2.2 किलोवॅटच्या स्पिंडलचा राउटर घेतला. त्याचा बेड क्लॅम्प आणि स्क्रूंनी खड्डाळला की वरून अर्धा मिलिमीटर साफ करून घ्यायचा, एवढंच काम होतं. कटर स्वस्तात मिळाला. 50 मिमी व्यास, 12 मिमी शँक, स्क्रूने बसवलेल्या दोन चौकोनी कार्बाइड टिपा. डबीवर व्यास छापलेला होता, शँक कोरी होती. तेव्हा त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

आधीचा जॉब 6 मिमीच्या बिटवर चालला होता, त्यामुळे स्पिंडलचा वेग ठरवणारा व्हीएफडी 400 हर्ट्झवर होता. म्हणजे 24,000 आरपीएम. कटर बदलला, नॉबला हात लावला नाही. स्पिंडल सुरू होताच प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखा आवाज निघाला. मला वाटलं, मोठा कटर आहे, आवाज करणारच. तिसऱ्या पासला टक् झालं आणि सगळी गॅन्ट्री थरथरायला लागली. मी इमर्जन्सी दाबली. कटर थांबल्यावर पाहिलं, एका टिपेची जागा रिकामी. आमचा पोऱ्या ब्रश घ्यायला खाली वाकलेला होता. तो उठून म्हणाला, “मालक, डोक्यावरनं काय तरी गेलं.” ते काय तरी मागच्या रॅकवरच्या पंप केसिंगच्या पॅटर्नमध्ये अर्धं रुतून बसलं होतं.

रात्री जेवण उतरेना, म्हणून कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. 50 मिमीच्या कटरची धार 24,000 आरपीएमला सेकंदाला सुमारे 63 मीटर धावते, म्हणजे ताशी सव्वादोनशे किलोमीटर. ती टिप जेमतेम 3 ग्रॅमची. पण त्या वेगाला ती साधारण 40 किलोच्या ताकदीने बाहेर ओढ घेत असते, आणि तिला धरून असतो एक मूठभर नाही, चिमूटभर स्क्रू. वेग निम्मा केला तर ही ओढ निम्मी होत नाही, चौथाईवर येते. नॉब 200 हर्ट्झवर ठेवला असता तर त्या स्क्रूवर 10 किलोच आले असते. एक टिप उडाली की दुसरीची ओढ एकतर्फी होते आणि सेकंदाला 400 वेळा स्पिंडलला हिसके देते. माझे बेअरिंग त्यातच गेले. 1,400 रुपयांच्या कटरपायी दुरुस्तीला 9,000 लागले.

तेव्हापासून दुकानात गेलो की व्यास आणि भाव नंतर, आधी शँक बघतो. युरोपातल्या ईएन 847-1 या मानकानुसार केलेल्या कटरवर कमाल आरपीएम कोरलेला असतो. आपल्याकडे तसा प्रत्येक वेळी मिळेलच असं नाही, पण आकडा निदान कंपनीच्या कॅटलॉगमध्ये तरी असला पाहिजे. “सगळ्यावर चालतंय” हे उत्तर ऐकलं की मी पाय उचलतो. टिपांचा कटर असेल तर एक टिप काढून, खाच पुसून, स्क्रूशिवाय नुसती बसवून बघा. खाचेत ती डुगडुगली तर सगळा भार एकट्या स्क्रूवर येणार. टिपा बदलताना किंवा फिरवताना सगळ्या एकदम करा, आणि खाचेतला भुसा ब्रशने काढल्याशिवाय स्क्रू आवळू नका.

शँक शक्य तेवढी जाड घ्या. 6 मिमीपेक्षा 12 मिमीची शँक वाकायला सोळापट ताठ असते. बाजारात 12 आणि 12.7 या दोन्हींना ‘अर्धा इंची’ म्हणणारे भेटतात, तेव्हा व्हर्नियर लावून मापा आणि त्याच मापाचा कोलेट घ्या. लहान मशीनच्या ईआर 11 स्पिंडलमध्ये 12 मिमी बसतच नाही. अशा मशीनवाल्याने 50 मिमीचं नाव काढू नये.

शेजारच्या व्हीएमसीवाल्या मित्राने मायेपोटी स्वतःचा फेस मिल देऊ केला होता. तो पोलादावर हजारभर आरपीएमने फिरणारा जड गडी. माझा स्पिंडल एवढ्या कमी वेगाला मानच टाकतो, आणि वेग वाढवावा तर पुन्हा तोच खेळ. नम्रपणे परत केला.

स्पिंडलचा वेग अर्ध्यावर आणला की ताकदही जवळपास अर्ध्यावर येते, हे विसरू नका. म्हणून एमडीएफवर एका पासला 0.3 ते 0.5 मिमी पुरे. एअर-कूल्ड स्पिंडल असेल तर त्याचा पंखाही मंदावतो, मध्ये हात लावून बघत राहा. यातल्या बऱ्याच कटरांना मध्यभागी धार नसते. सरळ खाली खुपसलं तर ते घासतात आणि जाळतात. बेडच्या बाहेर खाली उतरवून कडेने आत न्या.

आणि खरं सांगायचं तर एवढा मोठा कटर बहुतेकांना लागतच नाही. स्पिंडल दशांश अंशाने कलला असेल तरी 50 मिमीच्या रुंदीत एका कडेला जवळपास 0.09 मिमीचा फरक पडतो आणि बेडवर बोटाला लागतील अशा रेघा उमटतात. 25 मिमीच्या कटरला तो फरक निम्मा, ओढही निम्मी. मी आता 12 मिमी शँकचा 25 मिमी कटर वापरतो, व्हीएफडीवर 200 ला मार्करची रेघ मारली आहे, आणि पहिला पास होईपर्यंत कटरच्या रेषेत कोणी उभं राहत नाही.

बेडला चाळीस मिनिटं लागतात. तेवढ्यात दोघांचा चहा होतो.