शंका आणि सेवा



गुरुवारी पालखीपुढे पदे म्हणायची सेवा बरीच वर्षे माझ्याकडे आहे. गेल्या वर्षी करुणात्रिपदी म्हणताना आवाज फाटला, पद अर्ध्यावरच राहिले. घरी येताना ठरवले, आता पुरे. वय झाले, आपल्यामुळे मंडळाचे हसे नको.

पुढे सप्ताहात श्रीगुरुचरित्राचा ४५ वा अध्याय वाचनात आला. अंगभर कोड असलेला नंदी ब्राह्मण देवीच्या सांगण्यावरून गाणगापुरी आला. पण मनुष्य आपल्याला काय बरे करणार, ही शंका घेऊनच! संगमावर स्नान घडले, कोड गेले, मांडीवर मात्र थोडे उरले. श्रीगुरूंनी सांगितले, हे तुझ्या संशयाचे. आता स्तुती कर. त्याला तर लिहिता-वाचताही येत नव्हते. श्रीगुरूंनी जिभेवर विभूती घातली आणि तो कवी झाला. उरलेले कोडही गेले.

तिथेच पोथीवर डोके टेकले. मला वाटत होते, मी स्वतःवर शंका घेतोय. खरे तर ज्यांनी सेवा दिली, त्यांच्यावरच घेत होतो!

दुसऱ्या गुरुवारी पेटीवाल्यांना पट्टी उतरवायला सांगितली, रोज पहाटे थोडा रियाज धरला. आवाज अजूनही कापतो. तेव्हा मागचे टाळकरी ओळ उचलून धरतात. ही माणसेही महाराजांनीच दिली ना?

मंडळींनो, आपला सूर कसा लागतो ते महाराज पाहतील. आपण गुरुवार चुकवू नये.