क्रियापद एकटे पाठ करू नका

दिल्लीतल्या ओल्ड राजिंदर नगरमध्ये राहून यूपीएससीची तयारी करणाऱ्या मराठी मुलामुलींचे इंग्रजीचे सराव पेपर मी तपासते. मुख्य परीक्षेतल्या अनिवार्य इंग्रजीकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. पेपर दहावीच्या पातळीचा, ३०० गुणांचा, आणि हे गुण अंतिम यादीत धरलेही जात नाहीत. पण २५ टक्के मिळाले नाहीत, तर निबंध, सामान्य अध्ययन, वैकल्पिक विषय यांतले काहीच विचारात घेतले जात नाही. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाचे तसेच झाले. त्याची राज्यशास्त्राची उत्तरे फार चांगली असायची; इंग्रजीचे व्याकरण मात्र त्याने शेवटच्या आठवड्यावर ढकलले होते.

'डिस्कस अबाउट', 'एम्फसाइज ऑन', 'रिक्वेस्ट फॉर' या चुका मला वहीमागून वहीत दिसतात. आपण 'चर्चा करणे', 'भर देणे', 'विनंती करणे' असे नामाला क्रियापद जोडून बोलतो. इंग्रजीतही नामापुढे प्रिपोझिशन येते: 'डिस्कशन ऑन', 'एम्फसिस ऑन', 'रिक्वेस्ट फॉर'. पण क्रियापद वापरले की कर्म थेट येते: 'वी डिस्कस्ड द बिल'. म्हणून लिहिताना आधी पाहा, आपण नाम वापरतोय की क्रियापद.

दुसरी अडचण प्रत्ययांची. 'हक्कांपासून वंचित' मनात असते, म्हणून मुले 'डिप्राइव्ह फ्रॉम' लिहितात. तिथे 'ऑफ' हवे. 'तिच्याशी लग्न' म्हणून 'मॅरीड विथ' होते, हवे 'टू'. आरोपाच्या क्रियापदांत तर प्रत्येकाचे वेगळे: 'अक्यूज ऑफ', 'चार्ज विथ', 'ब्लेम फॉर'. त्यात दिल्लीत दिवसभर 'उससे पूछो' कानावर पडते आणि कागदावर 'आस्क फ्रॉम हिम' उतरते. इथे आपली मराठी उपयोगी पडते: 'त्याला विचार', म्हणजे 'आस्क हिम'.

नुसत्या याद्या घोकून हे जमत नाही. क्रियापद, त्याचे प्रिपोझिशन आणि पुढचे नाम असे पूर्ण वाक्य लिहा आणि मोठ्याने म्हणा. शंका आली की शिकणाऱ्यांसाठीचा कोश उघडा. ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये शिकवताना तयार केलेला, १९४२ साली निघालेला कोश याच गरजेतून आला. पुढे तो ऑक्सफर्डचा झाला. त्यात अर्थाबरोबर क्रियापदाची रचनाही सापडते. निबंध लिहून झाला की फक्त क्रियापदे अधोरेखित करून एकदा वाचा.

आणि हे पूर्वपरीक्षेच्या आधीच सुरू करा. नंतरचे महिने बाकीचे विषयच खाऊन टाकतात.