चाकाचा तुंबा : एक दुर्लक्षित अवयव

मोटारींच्या शर्यतीविषयीं बोलणें निघालें, कीं आपल्या विद्यार्थ्यांच्या तोंडीं एंजिनाची शक्ति, गाडीचा वेग आणि चालकाचें धाडस यांचींच वर्णनें येतात. परंतु एंजिन बिघडलें तर गाडी थांबते, आणि चाकाचा तुंबा मोडला तर चाक सुटून जातें. या दोन आपत्तींतील अंतर फार मोठें आहे. थांबलेली गाडी ढकलून बाजूस नेतां येते. पण सुटलेलें चाक चालकाचाच नव्हे, तर कडेस उभ्या असलेल्या निरपराध माणसाचाहि जीव घेऊं शकतें. म्हणून ज्या अवयवाकडे सहसा कोणी पाहत नाहीं, त्याचा थोडा अभ्यास या लेखांत करावयाचें योजिलें आहे.

मुकुंदवाडीच्या मुलांस हा विषय परका वाटूं नये. आपल्या वस्तीलगत चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत आहे. जालना रस्त्यानें आणखी पूर्वेस गेलें म्हणजे शेंद्रा येथें स्कोडा कंपनीचा कारखाना लागतो. तेथें २००१ सालीं ऑक्टाव्हिया ही पुढच्या चाकांनीं ओढली जाणारी गाडी तयार होऊं लागली. सुईसारख्या बारीक रुळांचीं बेअरिंगें बनविणाऱ्या एन. आर. बी. कंपनीचे कारखाने आपल्या शहरांत व शेजारच्या जालन्यांत आहेत. आपल्यापैकीं कित्येकांचे वडील किंवा थोरले बंधु अशा कारखान्यांतून वा गॅरेजांतून काम करीत असतील. त्यांच्या हातांतील वस्तूचें महत्त्व मुलांनीं जाणावें, हाहि या लेखाचा एक हेतु आहे.

प्रथम बैलगाडीचें चाक डोळ्यांपुढें आणा. मध्यें लांकडी तुंबा, त्यांत रोंवलेले आरे, भोंवतीं लांकडी घेर आणि त्यावर लोखंडी धांव. आंस स्थिर राहतो व तुंबा त्याच्याभोंवतीं फिरतो. दोहोंमध्यें वंगण असलें तरी घर्षण होतेंच. कारण येथें एक पृष्ठभाग दुसऱ्यावर घसरत असतो. जड ओझें घसरत नेण्यापेक्षां त्याच्याखालीं गोल लांकडें घालून लोटणें सोपें, हें आपण पाहतों. हेंच तत्त्व बेअरिंगांत योजिलें आहे. एक आंतलें कडें, एक बाहेरचें कडें, दोहोंच्या मध्यें पोलादी गोळ्या, आणि त्या एकमेकींवर आदळूं नयेत म्हणून एक पिंजरा, असे त्याचे चार भाग होत. गोळ्यांचें पोलाद शेंकडा सुमारें एक भाग कार्बन व दीड भाग क्रोमियम असलेलें, अत्यंत कठीण केलेलें असतें. गोळी कड्यास तिळाहूनहि लहान जागेंत टेंकते, आणि सर्व भार तेवढ्या जागेवर पडतो. म्हणून इतकें कठीण पोलाद लागतें.

ही विद्या फार जुनी नाहीं. जर्मनींतील श्वाइनफुर्ट येथें फ्रीडरिख फिशर यानें १८८३ सालीं गोळ्या अचूक गोल घांसण्याचें यंत्र तयार केलें. अमेरिकेंत हेन्री टिमकेन यास १८९८ मध्यें निमुळत्या रुळांच्या बेअरिंगाचें पेटंट मिळालें, आणि १९०७ मध्यें स्वीडनमधील स्वेन विंगक्विस्ट यानें आपोआप सरळ होणारें बेअरिंग काढिलें.

आतां पुढच्या चाकांनीं ओढल्या जाणाऱ्या गाडीकडे वळूं. शर्यतींत अशा गाड्या पुष्कळ वर्षांपासून आहेत. अमेरिकेंतील इंडियानापोलिसच्या प्रसिद्ध शर्यतींत १९४७, १९४८ व १९४९ अशीं लागोपाठ तीन वर्षें पुढच्या चाकांवर चालणारी ब्ल्यू क्राउन ही गाडी पहिली आली. माँटे कार्लोच्या खडतर रॅलींत १९६२ व १९६३ सालीं साब, आणि १९६४ सालीं चिमुकली मिनी यांनीं मोठमोठ्या गाड्यांस मागें टाकिलें. आपल्या देशांत १९८३ सालीं मारुति ८०० आली, आणि पुढें मारुतीच्याच एस्टीमनें भारतीय शर्यतींत बराच काळ भाग घेतला. २०१० सालीं पोलो चषकाच्या शर्यती सुरू झाल्या. ती पोलो पुणें जिल्ह्यांतील चाकणच्या कारखान्यांत बनत असे.

या गाड्यांच्या चाकांत विशेष तें काय? ज्या गाडीचीं मागचीं चाकें गाडी ढकलतात, तिच्या पुढच्या चाकांचें काम बैलगाडीच्या चाकासारखेंच असतें: आंस स्थिर, आणि तुंबा त्यावर नुसता फिरतो. पुढच्या चाकांनीं ओढणाऱ्या गाडींत मात्र तुंब्यालाच फिरवावें लागतें. त्यासाठीं तुंब्याच्या मधोमध दांतेरी भोंक पाडून त्यांतून एंजिनाकडून येणाऱ्या दांड्याचें टोंक ओंविलेलें असतें आणि बाहेरून एका मोठ्या नटानें आंवळलेलें असतें. म्हणजे वजन उचलणें, दिशा बदलणें, ब्रेक सोसणें आणि गाडी ओढणें हीं चारहि कामें त्याच तुंब्यावर येऊन पडतात. आणि तीं करावयाचीं कोणीं, तर ज्याचें पोट आधींच पोकळ केलेलें आहे त्यानें!

हा भार किती असतो तें साध्या गणितानें पाहूं. शर्यतीची गाडी १,००० किलोग्रॅम वजनाची समजा. एंजिन व गिअरपेटी पुढेंच असल्यामुळें त्यांपैकीं ६२० किलोग्रॅम पुढच्या दोन चाकांवर आहे असें धरूं. वळणावर गाडी इतक्या वेगानें गेली, कीं तिच्यावरील आडवा जोर तिच्या वजनाइतका झाला, तर पुढच्या चाकांस ६२० किलोग्रॅमचा आडवा जोर सोसावा लागेल. वळतांना भार बाहेरच्या बाजूस झुकतो. म्हणून यांपैकीं सुमारें ४५० किलोग्रॅम एकट्या बाहेरच्या चाकाच्या वांट्यास येतो असें समजा. हा जोर लागतो रस्त्यापाशीं, म्हणजे तुंब्याच्या मध्यापासून चाकाच्या त्रिज्येइतका, ३० सेंटिमीटर खालीं. बेअरिंगांतील गोळ्यांच्या दोन रांगांमधील उपयुक्त अंतर मात्र ६ सेंटिमीटरच धरा. तरफेचा नियम आपण शिकलां आहां. ३० स ६ नें भागिलें असतां ५ येतात. म्हणजे ४५० किलोग्रॅमचा जोर पांचपट होऊन प्रत्येक रांगेवर २,२५० किलोग्रॅमचा भार पडतो. मुठींत मावणाऱ्या बेअरिंगाच्या एकेका रांगेवर सबंध गाडीच्या वजनाच्या दुपटीहून अधिक!

याच्यापुढें आणखी एक नियम ध्यानांत घ्या. स्वीडनमधील लुंडबर्ग व पाल्मग्रेन या दोघां शास्त्रज्ञांनीं १९४७ सालीं बेअरिंगाच्या आयुष्याचें गणित प्रसिद्ध केलें. त्याप्रमाणें गोळ्यांच्या बेअरिंगाचें आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणांत असतें. भार दुप्पट झाला, तर आयुष्य निम्में नव्हे, तर आठवा हिस्सा उरतें. तिप्पट झाला, तर सत्ताविसावा. साध्या रस्त्यावर वर्षानुवर्षें टिकणारें बेअरिंग शर्यतींत थोड्याच दिवसांत कां खलास होतें, याचें उत्तर येथें आहे. कारखान्यानें बेअरिंग वाईट दिलें असें नव्हे. शर्यतीच्या टायरांची रस्त्यावरील पकड अधिक, म्हणून आडवा जोर अधिक, आणि त्याची किंमत घनाच्या हिशोबानें मोजावी लागते.

भारानंतरचें दुसरें कारण उष्णता. ब्रेकची तबकडी तुंब्यावरच बसविलेली असते. शर्यतींत ती कित्येकशें अंश तापते, आणि ती उष्णता तुंब्यांत शिरते. साधें वंगण सुमारें १५० अंशांच्या वर फार काळ टिकत नाहीं. तें पातळ होऊन झरतें, रबरी कडी कडक होते, आणि पोलाद पोलादावर कोरडें लोटूं लागतें. बेअरिंगाचें घर ॲल्युमिनियमचें असेल तर आणखी एक संकट उद्भवतें. उष्णतेनें ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतें. ७२ मिलिमीटर व्यासाचें घर ८० अंशांनीं तापलें, तर तें आंतील पोलादी कड्यापेक्षां सुमारें ०.०६ मिलिमीटर अधिक रुंद होतें. हें अंतर केंसाच्या जाडीएवढें. परंतु बेअरिंग ज्या घट्टपणानें धरून ठेविलेलें असतें तोहि तेवढाच असतो. तो गेला, कीं कडें घरांत फिरूं लागतें.

तिसरें कारण नट. अशा बेअरिंगाचें आंतलें कडें पुष्कळदां दोन भागांचें असतें, आणि ते दोन भाग एकत्र आंवळून धरण्याचें काम तो बाहेरचा एकच नट करतो. नट सैल राहिला, कीं भाग विलग होतात आणि गोळ्या कड्याच्या कांठावर लोटूं लागतात. लहान गाड्यांस या नटाचा पीळ बहुधा २० ते ३० किलोग्रॅम-मीटरच्या आसपास सांगितलेला असतो. म्हणजे एक मीटर लांब पान्याच्या टोंकास २० ते ३० किलोग्रॅमचा जोर. अचूक आंकडा त्या त्या गाडीच्या पुस्तिकेंत असतो, आणि तो टॉर्क-पान्यानेंच मोजावयाचा असतो. ठोकून बसविण्याचा जुना नट पुन्हां वापरूं नये. आणखी असें, कीं दांडा काढून घेतलेली गाडी तशीच चाकांवर ढकलली, तर आंवळून धरणारें कांहींच नसल्यामुळें चांगलें बेअरिंगहि तेवढ्यांत बिघडतें.

चौथें कारण बेअरिंग बसविण्याची रीति. तें घरांत दाबतांना जोर बाहेरच्या कड्यावर द्यावयाचा, आणि तुंबा दाबतांना आंतल्या कड्यास टेंका द्यावयाचा. याच्या उलट केलें, किंवा हातोड्यानें ठोकलें, तर तो आघात गोळ्यांतून जातो व कड्यावर बारीक खळगे पडतात. ते डोळ्यांस दिसणारहि नाहींत. परंतु प्रत्येक फेऱ्यास प्रत्येक गोळी त्यांवर आदळते. असें बेअरिंग जन्मतःच रोगी होय.

आतां तुंब्याविषयीं. बेअरिंग हळूहळू बिघडतें. तुंबा एकाएकीं तुटल्यासारखा दिसतो, पण खरें पाहतां तोहि हळूहळूच तुटत असतो. तार वारंवार पुढें-मागें वांकविली म्हणजे तुटते, हा अनुभव सर्वांस आहे. चाक फिरतांना तुंब्याचा प्रत्येक भाग एका फेऱ्यांत एकदां ताणला व एकदां दाबला जातो. ३० सेंटिमीटर त्रिज्येचें चाक एका किलोमीटरांत सुमारें ५३० फेरे करतें. १०० किलोमीटरांच्या शर्यतींत ५३,०००. जेथें तुंब्याची चकती नळीस मिळते त्या कोंपऱ्यांत केंसासारखी भेग पडते आणि ती फेऱ्यागणिक वाढत जाते. पॅरिसनजीक व्हर्सायच्या रेलमार्गावर १८४२ सालीं एंजिनाचा आंस मोडून भयंकर अपघात झाला. त्यानंतर या धातूच्या थकव्याच्या विचारास चालना मिळाली, आणि पुढें जर्मनींत आउगुस्ट व्होलर यानें रेलगाडीच्या आंसांवर वर्षानुवर्षें प्रयोग करून त्याचे नियम शोधून काढिले.

सुदैवानें बेअरिंग मरण्यापूर्वीं बोलतें. प्रथम गाडीच्या वेगाबरोबर चढत जाणारी घरघर ऐकूं येते. उजवीकडे वळतांना ती वाढली तर दोष बहुधा डाव्या चाकांत असतो, कारण भार तिकडे जातो. डावीकडे वळतांना वाढली तर उजव्यांत. गाडी उचलून चाक वर-खालीं धरून हलविलें असतां खटखट लागते. एक चाक दुसऱ्याहून अधिक तापतें. शर्यतीच्या चालकास आणखी एक खूण मिळते: ब्रेकचा पायटा एकाएकीं खोल जातो. कारण सैल तुंब्याबरोबर तबकडी डुलते आणि ब्रेकचे ठोकळे मागें लोटते. अशा वेळीं ब्रेकच्या तेलास दोष देऊन भागत नाहीं.

यावर जाणत्या शर्यतपटूंचा उपाय साधा आहे. ते बेअरिंग बिघडण्याची वाट पाहत नाहींत. प्रत्येक तुंबा किती तास धांवला हें वहींत लिहून ठेवितात आणि ठरलेले तास भरतांच तो काढून टाकितात, मग तो दिसावयास कितीहि चांगला असो. काढलेल्या तुंब्यावर रंगीत द्रव लावून भेग शोधतात, अधिक उष्णता सोसणारें वंगण भरतात, आणि नटाचा पीळ मोजल्यावर त्यावर रंगाची रेघ ओढतात, म्हणजे तो जरा हलला तरी दिसून यावें.

विद्यार्थ्यांनो, हें सर्व पडताळून पाहण्यास शर्यतीची गाडी नको. आपली सायकल पुरे. पुढचें चाक काढा, आंसाचीं दोन्ही टोंकें बोटांत धरा आणि तो हळूच फिरवा. खरखर लागली तर कोन फार आंवळलेला आहे किंवा छरे झिजले आहेत. आंस आडवा हलला तर कोन सैल आहे. या दोहोंच्या मधला, नुसता मऊपणें फिरणारा पण न हलणारा असा एक बिंदु असतो. तो सांपडेपर्यंत कोन अगदीं थोडथोडा फिरवीत राहा. मग ग्रीस भरून चाक बसवा. ज्याच्या बोटांस तो बिंदु कळला, त्यास बेअरिंग म्हणजे काय तें पुस्तकावांचून कळलें.

आणि पालकांस एक विनंति. मुलाचा ओढा यंत्रांकडे असेल तर त्यास हिणवूं नका. परंतु काम अंदाजानें करण्याची संवय मात्र लागूं देऊं नका. नट किती पिळानें आंवळला असें विचारतां त्यास आंकडा सांगतां आला पाहिजे. गाडींत बसणारा मनुष्य तो नट कधींच पाहत नाहीं; आंवळणाऱ्यानें तो मोजून आंवळला असेल, एवढ्याच भरंवशावर तो आपल्या मुलांबाळांसह त्या गाडींत बसतो.