लस आणि लोकांचा विश्वास

लस प्रयोगशाळेंत तयार होते. परंतु तिची खरी कसोटी लोकांमध्येंच लागते. आमच्या मुंबईनें हें फार पूर्वीं अनुभविलें आहे. १८९६ सालीं येथें प्लेग आला. वांद्र्याच्या गांवठाणांत त्या काळाची आठवण देणारे क्रूस आजही उभे आहेत. डॉ. हाफकिन यांनीं प्लेगवर लस सिद्ध करून १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. त्याच महिन्यांत भायखळ्याच्या तुरुंगांतील राजी झालेल्या कैद्यांस ती देण्यांत आली. बंदिवानाची संमति कितपत मोकळी असते, हा प्रश्न मात्र आज आपणांस पडल्यावांचून राहत नाहीं. पुढें १९०२ सालीं पंजाबांतील मुलकोवाल गांवीं एका दूषित बाटलींतील लसीनें १९ माणसें धनुर्वातानें दगावलीं, आणि कष्टानें मिळविलेला विश्वास ढासळला.

एच.आय.व्ही.वरील लसीच्या संशोधनांत हाच प्रश्न अधिक बिकट झाला आहे. २००५ सालीं पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेंत भारतांतील अशी पहिली चांचणी सुरू झाली. बेल्जम, जर्मनी व भारत मिळून ८० निरोगी स्वयंसेवकांनीं तींत भाग घेतला. ती लस सुरक्षित ठरली. पण तिनें पुरेशी प्रतिकारशक्ति उत्पन्न केली नाहीं. आजही या रोगावर सिद्ध लस नाहीं.

अशा कार्यांत लोक कां कचरतात? लसीनेंच रोग जडेल, ही पहिली भीति. वस्तुतः तींत सबंध विषाणु नसून त्याचे कांहीं अंश असतात. त्यांपासून रोग होऊं शकत नाहीं. दुसरी अडचण मात्र खरी आहे. लसीमुळें रक्तांत प्रतिद्रव्यें निर्माण झालीं, तर साध्या तपासणींत निरोगी मनुष्यही रोगी भासूं शकतो. मग नोकरी, विवाह, चाळींतील शेजार, सर्वच संकटांत येतें. याकरितां संशोधकांनीं त्यास विषाणूचाच शोध घेणारी निराळी तपासणी उपलब्ध करून दिली पाहिजे. तिसरें, चांचणींतील लस रक्षण करीलच असें कोणीं समजूं नये. हें त्याच्या मातृभाषेंत, घाई न करितां सांगितलें पाहिजे. केव्हांही माघार घेण्याची त्यास मुभा हवी.

विद्यार्थीमित्रहो, अंधेरी-बोरीवलीच्या किंवा घाटकोपर-मुलुंडच्या वस्तींत उद्यां असे संशोधक आले, तर घरच्या वडीलधाऱ्यांसह त्यांस निःशंकपणें प्रश्न विचारा. प्रश्न विचारणें म्हणजे विरोध नव्हे. आणि उत्तर मिळण्यापूर्वीं कोणाविषयींही कुजबुज पसरवूं नका; कारण एका अफवेनें निरोगी माणसाचें घरही उद्ध्वस्त होऊं शकतें.